दोन इंची टाच

दगडाबाईच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकत नाही. ती उभी राहिली की चार बोटं मातीत आणि अंगठा बोटभर वर, जसं काही मातीशी त्याचं बोलणं बंद आहे. बोरमाळातल्या बायांनी सुरुवातीला डोळे भरून बघून घेतलं. एकीनं विचारलंही. दगडाबाईनं तिला शांतपणे सांगितलं, की तुझ्या नाकाबद्दल आम्ही वीस वर्षं तोंड उघडलं नाही, तू माझ्या अंगठ्याबद्दल उघडू नको. पुन्हा कुणी विचारलं नाही.

तो अंगठा असा वर का राहिला, हे गावात दोघींनाच माहीत आहे. एक ती स्वतः, आणि दुसरी तिची सून सुकन्या. दोघी त्याबद्दल एकमेकींशीही बोलत नाहीत.

दगडाबाईचं वय बासष्ट. आधार कार्डावर अठ्ठावन्न आहे आणि ती कार्डाशी वाद घालत नाही. तीस हंगाम तिनं ऊसतोड केली. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि जामखेडच्या या माळावरनं श्रीगोंद्याकडं जायचं, ते पाडव्याला परत यायचं. तोडणीचं काही वाटत नसे. खरं काम गाडी भरायचं. ट्रकला तिरपी लावलेली हातभर रुंदीची फळी, डोक्यावर उसाची मोळी, आणि फळीवर अंगठा रोवून अंग वर ढकलायचं. एका गाडीला शंभरदा. नवरा होता तोवर तो खाली आणि ही फळीवर, कारण त्याला फळीवर चक्कर यायची. तो गेला, मुलानं म्हणजे अंगदनं टेम्पो घेतला, कोयता माळ्यावर गेला, आणि मग निवांतपणे बसल्यावर अंगठा ठणकायला लागला. तीस वर्षांचं त्यानं एकदमच मागायला काढलं.

दुखण्याचं तिनं काही मनावर घेतलं नसतं. प्रश्न घागरीचा होता.

बोरमाळात चैत्रात यमाईची जत्रा भरते. त्या दिवशी सकाळी देवीच्या आंघोळीचं पाणी खालच्या बारवेतून वर देवळात न्यायचं असतं, आणि ते धावत न्यायचं असतं. डोक्यावर भरलेली तांब्याची घागर, पाय अनवाणी. अंगावर चामडं नको, लोखंड नको, लुगड्याला टाचणीसुद्धा नको. बाईच्या मागं हलगीवाला धावतो आणि तिच्या पावलागणिक थाप देतो. वर देवळात बसलेल्यांना बारव दिसत नाही, त्यामुळं ते कानानं बघतात. हलगी वाजते तोवर बाई धावतेय. हलगी थांबली की मान गेला.

हा मान भावकीतल्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या शाखेच्या, घरातल्या थोरल्या बाईचा. पाय चालतात तोवर ती धावते, आणि मग आपल्या हातानं घागर सुनेच्या डोक्यावर देते. एकदा दिली की परत मागता येत नाही. घागरीबरोबर काय काय जातं हे कुठं लिहिलेलं नाही, पण दगडाबाईला तोंडपाठ होतं. तिच्या सासूनं घागर दिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सासूला आज भाजी काय करायची हे घरात कुणी विचारलं नाही. विचारणारी दगडाबाईच होती. तिनंच विचारलं नाही. सासू मग आठ वर्षं ओसरीला बसून ताटात पडेल ते खात राहिली. तिच्या तोंडून कधी तक्रार आली नाही, आणि ते दगडाबाईला अजून टोचतं.

दुसरा नियम असा, की आजारपण, सुतक म्हणून एक वर्ष चुकलं तर चालतं. त्या वर्षी धाकट्या पातीनं धावायचं. पण लागोपाठ दोन वर्षं चुकलं तर मान धाकट्या पातीकडंच राहतो. धाकटी पाती म्हणजे चुलत जाऊ आक्काबाई. हिच्याबद्दल दगडाबाईचं मत असं, की हिला देवानं कान दिले ते फक्त दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते ऐकायला.

तर गेल्या वर्षी माघात अंगदनं आईला नगरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं की सांधा झिजून हाडावर हाड घासतंय. आता दोन्ही हाडं पट्टी आणि स्क्रू लावून एक करून टाकायची. दुखणं थांबेल, पण अंगठा पुन्हा कधी वाकणार नाही. जसा बसवू तसाच राहील. दगडाबाई म्हणाली की वाकायची तिला तशीही सवय नाही.

डॉक्टर म्हणाला, पुढच्या खेपेला येताना तुमचं रोजचं पायताण घेऊन या. ते बघून अंगठा किती वर आणि किती खाली बसवायचा ते ठरवतात.

रोजचं पायताण म्हणजे टायरच्या तळाची वहाण. एका बाजूचा पट्टा तुटलेला, तिथं सुतळी. पहिल्या खेपेला दगडाबाईनं ती दवाखान्याच्या दारात काढली होती, आणि परत येऊन बघते तर झाडणाऱ्या बाईनं ती कचरा समजून बाजूला लोटलेली. ते तिच्या डोक्यात होतं. ती वहाण त्या डॉक्टरच्या पांढऱ्या टेबलावर ठेवायची, यापेक्षा तिनं पाय तसाच ठेवला असता. म्हणून दुसऱ्या खेपेला तिनं सुकन्याची सँडल पिशवीत घातली. सोनेरी पट्ट्याची, दोन इंची टाचेची, सुकन्यानं भावाच्या लग्नात एकदाच घातलेली. दोघींचं माप एक, एवढंच तिचं त्या सँडलीशी नातं.

डॉक्टरनं सँडल हातात घेतली. टाच मोजली. रोज हीच घालता का, असं विचारलं.

“रोज,” दगडाबाई म्हणाली. “घरात, रानात, सगळीकडं.”

डॉक्टरनं सुकन्याकडं बघितलं. सुकन्या अंगणवाडीत पोरांना शिकवते, बीए झालेली, खोटं बोलता येत नाही अशातली. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत राहिली. डॉक्टरनं कागदावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं, लिहिताना दोनदा सँडलीकडं बघितलं.

आपरेशन झालं. त्या वर्षी तिची घागर चुकली, पाय पट्टीत होता. आक्काबाईची सून राजनंदिनी धावली. चांगली धावली, तिशीतली बाई, काय झालं धावायला. आक्काबाईनं तिचा फोटो चौकटीत घालून ओट्यावर लावला, रस्त्याकडं तोंड करून.

पट्टी निघाली तेव्हा दगडाबाईनं पाय फरशीवर ठेवला. अंगठा वरच राहिला. तिनं दाबून बघितलं. टाच उचलली गेली, पण अंगठा काही खाली आला नाही. डॉक्टर मात्र खुशीत होता. म्हणाला, आता तुमच्या सँडलीत घालून बघा. घातला. असा बसला, की सँडल पायासाठी केली नव्हती, पाय सँडलीसाठी केला होता. डॉक्टर म्हणाला, तीन महिने हेच घालायचं, दुसरं काही नाही.

तीन महिने दगडाबाई सोनेरी पट्ट्याची सँडल घालून हिंडली. म्हशीला वैरण टाकायला, दळण घेऊन गिरणीवर, शेळीमागं बांधावर. टाच मातीत रुतायची, ती उपटून पुढचं पाऊल टाकायची. गावानं तर्क लढवले. अंगदनं विचारलं तर म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय. ते खरंच होतं. सुकन्यानं सँडल परत मागितली नाही. एकदा टाच निघाली तेव्हा तिनंच ती जामखेडला नेऊन ठोकून आणली आणि गुपचूप दारात ठेवली. तीन महिने सरले तरी सँडल पायातच राहिली, कारण जुन्या वहाणेत तो अंगठा बसेना.

दिवाळीच्या आधी शेवटचा फोटो काढायला गेले तेव्हा दगडाबाईनं डॉक्टरला विचारलं, की आता धावता येईल का. डॉक्टरनं चष्मा काढला. या सँडलीत धावायचंय का, म्हणाला. ती म्हणाली, बघू. त्यानं सांगितलं की हाड पक्कं जुळलंय. हळूहळू सुरू करा, आखूड पावलं टाका, चांगला जाड तळाचा बूट घ्या. अंगठा वाकणार नाही, पण वर उचलून बसवलाय म्हणून पाऊल त्याच्यावरनं पुढं सरकेल. सपाट बसवला असता तर जमलं नसतं. मग हसून म्हणाला, तुमच्या उंच टाचेचे उपकार.

सुकन्याला तेव्हा खोकला आला. तो नगरपासून वाटेतलं कडा गाव येईपर्यंत टिकला.

घरी अंगदनं विषय काढला. औंदा सुकन्यालाच धावू दे की, म्हणाला, मान घरात राहतोय ना. बोलण्यात काही चूक नव्हती, म्हणूनच दगडाबाईला राग आला. तिनं विचारलं, की तुझी आई मेली का. तो म्हणाला नाही. मग ती म्हणाली, तेवढं ध्यानात ठेवलंस तर बरं होईल. सुकन्या चुलीपाशी भाकरी थापत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दगडाबाई तळ्याच्या बांधावर गेली. बूट घ्यायचा प्रश्न नव्हता, घागरीला अनवाणीच धावायचं असतं. हे तिनं डॉक्टरला सांगितलं नव्हतं. तसं तिनं त्याला बरंच काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी चाळीस पावलं झाली. पाय तिथंच होता, पण पायातला ढकलणारा गेला होता. पाऊल बाहेरच्या कडेवर पडायचं आणि सगळं वजन अंगठ्याशेजारच्या बोटाखाली यायचं, तिथं निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. लांब टांग टाकली की आख्खा पाय फळकुटासारखा आपटायचा. मग तिनं टांग आखूड केली. आखूड केल्यावर जरा बरं वाटलं. आणखी आखूड केली. बघणाऱ्याला वाटलं असतं म्हातारी जागच्या जागी थरथरतेय. पण बांध मागं सरकत होता.

मार्गशीर्षात दोनशे पावलं झाली, पौषात बांधाचं टोक आलं. मग रिकामी घागर, मग अर्धी. घरी तिनं सांगितलं होतं की शेळी चरायला नेते. शेळी खरंच नेत होती, ती बिचारी रोज अर्धा कोस धावून वाळली. परत आली की ओसरीच्या कडेला घमेल्यात गरम पाणी आणि मीठ तयार असायचं. कुणी ठेवलं हे दगडाबाईनं विचारलं नाही. घरात माणसं तिघं. अंगद आठपर्यंत झोपतो.

माघात ती खऱ्या वाटेवर गेली. बारवेच्या सव्वीस पायऱ्या, मग बाभळीतली मुरमाड वाट, ते सगळं जमलं. अडलं शिळेवर. देवळाच्या अगदी खाली पंचवीस पावलांची एक उताराची शिळा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी आरशासारखी झालेली. तिथं प्रत्येक बाई अंगठा रोवूनच चढते. रोवायला दगडाबाईचा अंगठा जमिनीपर्यंत येतच नव्हता. पहिल्या दिवशी ती मधोमध थांबली. दुसऱ्या दिवशी जिथनं निघाली तिथं बसल्या बसल्या परत आली, घागरीसकट. शेळीनं ते बघितलं.

चार दिवस ती त्या शिळेशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दळण पाखडता पाखडता तिच्या ध्यानात आलं, की फळी दवानं ओली असली तर अंगठा तिथं तरी कुठं चालायचा. सकाळची पहिली गाडी भरताना अंगठा निसटायचा. तेव्हा पाऊल आडवं टाकायचं, वीतभर टाकायचं आणि भराभर टाकायचं. थांबलं की मोळीसकट खाली. नवरा खालनं हसायचा, म्हणायचा कोंबडी चालली. आठवड्याला आठ गाड्या भरणारी कोंबडी त्यानं दुसरीकडं कुठं बघितली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती शिळा आडव्या पावलांनी चढली. अंगठ्याला काही विचारावंच लागलं नाही.

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा देवळात बैठक बसली. दरसाल बसते, मंडप, वर्गणी, कुस्त्या. गुरव सहादेवबाबांनी शेवटी विचारलं, की घागर थोरल्या पातीचीच ना औंदा. दगडाबाई हो म्हणायच्या आत आक्काबाई उठली. पदर सावरला. म्हणाली, मला काही बोलायचं नाही. आणि बोलली.

“जाऊबाई माझ्या थोरल्या हायेत. त्यांनी धावावं, आमाला आनंदच हाय. पन नेम काय हाय बाबा? चामडं नको, लोखंड नको. टाचनी काढून ठेवतो आपन. आन जाऊबाईंच्या पायात तर लोखंडाची पट्टी हाय, सहा खिळं हायेत. ते कुठं काढून ठेवायचं?”

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सहादेवबाबांचं वय ऐंशीच्या घरात, तेही दाढी खाजवायला लागले. त्यांच्या बापाच्या वेळेला अंगाच्या आत लोखंड असायची पद्धत नव्हती.

दगडाबाई जागची हलली नाही. म्हणाली, “लोखंड न्हाई ते.”

“मग काय सोनं हाय?”

“सुकन्ये, कागद आन.”

सुकन्या घरी जाऊन दवाखान्याची पिशवी घेऊन आली. कागद इंग्रजी, वाचणारी तीच. ती उभी राहिली आणि ओळीखाली बोट धरून एकेक ओळ मराठीत सांगायला लागली. नाव. वय, अठ्ठावन्न. उजवा पाय, अंगठ्याचा सांधा. टायटॅनियमची पट्टी एक, स्क्रू सहा. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि थांबलं.

दगडाबाईला वाचता येत नाही. सहीपुरतं येतं. पण डॉक्टरनं दोनदा सँडलीकडं बघत काहीतरी लिहिलं होतं, तेवढं तिच्या लक्षात होतं. ती ओळ हीच, हे तिला त्या बोटावरनं कळलं. आख्खी भावकी बसली होती. समोर आक्काबाई, तिला कान. देवळाच्या पायरीखाली ती सोनेरी सँडल काढून ठेवलेली, बैठकीकडं टाच करून. दगडाबाईनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही मागितलं नाही. फक्त सुनेच्या बोटाकडं बघत राहिली.

“पुढं वाच की,” आक्काबाई म्हणाली.

“वाचतेय, चुलती,” सुकन्या म्हणाली. “रोजची सवय बघून अंगठा बसवला. असं लिहिलंय. खाली सही.”

आणि कागदाची घडी घातली.

सहादेवबाबांनी विचारलं, की ते टायटॅनियम म्हणजे काय. सुकन्या म्हणाली, लोखंड नाही, निराळा धातू, विमानाला वापरतात. विमान ऐकल्यावर बैठकीतल्या निम्म्यांनी मान डोलावली. आक्काबाईनं डोलावली नाही. कागद काय, कुणी काहीही लिहितं. तेव्हा भोंगेवाल्या वैजनाथनं तोडगा काढला. त्याच्याकडं फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक होतं. ते लावून बघू, म्हणाला, लोखंड असलं तर ओढ लागेल.

दगडाबाईनं पाय पुढं केला. सगळ्या भावकीनं वाकून बघितलं. वैजनाथनं चुंबक अंगठ्याला लावलं, खालून लावलं, बाजूनं लावलं. काही झालं नाही. त्यानं हात सोडला तर चुंबक खाली पडलं आणि घरंगळत जाऊन शेजारी बसलेल्या बिभीषणच्या हलगीला खट्‌दिशी चिकटलं. हलगीचं कडं लोखंडी. ती आजवर घागरीच्या मागं पळत आली होती, तिचा नेम कुणी काढला नव्हता.

“आता भाईर काढलंच हाय तर समद्या बायांच्या जोडव्यांना लावून बघा,” दगडाबाई म्हणाली. “चांदी हाय का दुसरं काय, ते बी कळंल.”

आक्काबाईनं दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले आणि म्हणाली, की माझं काही म्हणणं नव्हतंच.

घरी जाताना सासू-सुना पुढं-मागं चालल्या. दगडाबाईच्या टाचांचा टक टक आवाज येत होता. सुकन्याच्या हातात कागद होता. दारात आल्यावर दगडाबाई म्हणाली, तो कागद नीट ठेव. सुकन्या म्हणाली, ठेवते.

जत्रेच्या सकाळी बारवेत सुकन्यानं घागर भरली आणि सासूच्या डोक्यावर चुंबळीत ठेवली. हे काम सुनेचंच असतं. ठेवताना हळूच म्हणाली, “आत्या, शिळेवर खाली बघू नका.”

“तू घागर सरळ ठीव.”

बिभीषणनं तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि काडी हलगीवर धरली. दगडाबाई निघाली.

सव्वीस पायऱ्या झाल्या. मुरूम लागला. वर देवळात बसलेल्यांना आवाज आला आणि ते एकमेकांकडं बघायला लागले, कारण हलगी अशी त्यांनी कधी ऐकली नव्हती. दरसाल ती ढांग, ढांग, ढांग अशी यायची. औंदा ती ताशासारखी कडकडत होती. एक जण म्हणाला, दोघी धावतायत काय. बात एवढीच होती की दगडाबाईच्या एका पावलाची आता तीन पावलं झाली होती, आणि पावलागणिक थाप द्यायची हा बिभीषणचा धर्म होता. बिभीषण पन्नाशीचा. अर्ध्या वाटेवर त्यानं तंबाखू थुंकली. बाभळी संपल्या तेव्हा त्याला तिचा पश्चात्ताप झाला.

शेजारच्या बोटाखालचा निखारा पेटला होता. दगडाबाईनं तो तिथंच ठेवला. पाणी मानेवर ठिबकत होतं, पण घागर डुलत नव्हती. आखूड पावलाचा हा एक फायदा, वरच्याला खालची खबर लागत नाही. शिळा आली. तिनं पाऊल आडवं केलं. वीतभर, वीतभर, वीतभर. तिला उसाचा वास आला, खरं तर वाटेत कुणीतरी रस काढत होतं. पंधरा पावलं झाली, अठरा झाली.

आणि हलगी थांबली.

मागं काहीतरी धप्पकन पडलं. घागरीतनं ठिबकलेल्या पाण्यावर बिभीषणचा कापडी बूट घसरला होता, दोन्ही हात हलगीत, धरायला काही नाही. तो बसल्या बसल्या शिळेच्या तळाशी गेला. ती वाट दगडाबाईला माहीत होती.

वर देवळात बसलेल्यांनी माना उंचावल्या. मग आक्काबाई उठल्याचा आवाज आला, तिच्या बांगड्या ओळखू येतात. “गेला मान,” ती म्हणाली. फार दुःखानं म्हणाली.

तेवढ्यात शिळेच्या कडेवर तांब्याची घागर उगवली, तिच्याखाली दगडाबाई. ती धावत सभामंडपात आली, देवीच्या उंबऱ्यापाशी आली. सहादेवबाबांनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. तिनं घागर दिली नाही. उंबऱ्यासमोर ती जागच्या जागी धावत राहिली. उजवा, डावा, उजवा, डावा, अंगठा वर. फरशीवर तिच्या पावलांची पटपट सोडून दुसरा आवाज नव्हता.

बाबांनी विचारलं, हे काय चाललंय.

“धावतीय,” ती म्हणाली. “हलगी येऊ द्या.”

हलगी लवकर येईना. बिभीषणचा गुडघा सोलला होता, त्यामुळं तो शिळा सोडून लांबच्या वाटेनं येत होता. दोन भाकरी भाजून व्हाव्यात एवढा वेळ गेला. माणसं मोबाईल धरून बघत होती. राजनंदिनीनं पोराला कडेवर घेतलं होतं, ती तोंड उघडं ठेवून बघत होती. सुकन्या धापा टाकत खालनं वर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. दगडाबाई कुणाकडं बघत नव्हती. ती फक्त आक्काबाईकडं बघत होती. पाय आपला नाही, कुणाचा तरी उसना आहे, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि उसन्या वस्तूचं दुखणं आपण कशाला बघायचं.

बिभीषण आला. लंगडत मंडपात शिरला, समोर बघितलं, आणि काही न विचारता काडी उचलली. चार थापा चुकल्या, पाचवी पावलावर बसली. मग कडकडाट सुरू झाला. वीसएक थापा वाजून घेतल्यावर दगडाबाईनं घागर सहादेवबाबांच्या हातात दिली आणि पाय थांबवले.

आक्काबाई म्हणाली, हलगी थांबली होती, सगळ्यांनी ऐकलंय.

बाबा बराच वेळ दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, “हलगी थांबली खरी. पन बाई कुठं थांबली ते दाखव.”

देवीची आंघोळ झाली.

दुपारी दगडाबाई ओसरीवर घमेल्यात पाय सोडून बसली. पाय सुजून दुधीएवढा झाला होता. गाव येऊन बघून गेलं, अंगद दोनदा म्हणाला की नगरला जाऊ, दोनदा तिनं त्याला नारळ फोडायला पाठवलं. गर्दी हटल्यावर सुकन्या घमेल्यात आणखी गरम पाणी ओतायला आली.

“उद्यापासनं पहाटं तळ्याच्या बांधावर यायचं,” दगडाबाई म्हणाली.

सुकन्यानं विचारलं, कुणी.

“शेळीला येतंय आता. तू ऱ्हायलीस.” मग जरा थांबून म्हणाली, “घागर देत न्हाई मी. शिकवती. देनं येगळं, शिकवनं येगळं.”

सुकन्यानं पाणी ओतलं. चेहरा तोच, सांगाड्याच्या चित्राकडं बघतानाचा. म्हणाली, “येते की. पायात काय घालू, आत्या?”

दगडाबाईनं तिच्याकडं बघितलं.

“सँडल माझ्या खाटंखाली हाय, घेऊन जा,” म्हणाली. “उजव्याची टाच झिजलीय. ठोकून आन. रोजची हाय ती.”

सुकन्या वळून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग तो नगरचा खोकला पुन्हा आला, तो बराच वेळ थांबला नाही.

दिवस कलल्यावर ती दारात आली आणि रोजच्यासारखं विचारलं, भाजी काय करू. दगडाबाई म्हणाली, वांगं. ती आत जायला वळली तशी दगडाबाईनं हाक मारली.

“तुला काय खावं वाटतंय?”

सुकन्या विचारात पडली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, या प्रश्नाचं उत्तर तिनं कधी तयार ठेवलं नव्हतं. “वांगंच,” म्हणाली.

वांगंच झालं. मीठ थोडं जास्त पडलं होतं. दगडाबाई काही बोलली नाही. अंगदनं जेवता जेवता मान वर करून आधी आईकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि पाणी मागितलं.